दांडिया बाजार ते अश्दोद: हिब्रू-मराठी फाइल न मोडता कशी पाठवायची

बडोद्यात दांडिया बाजारात माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, भाडेकरार, विद्यार्थ्यांचे प्रबंध, सोसायटीच्या नोटिसा असं सगळं मराठी, गुजराती आणि इंग्रजीत चालतं. तिन्ही लिप्या डावीकडून उजवीकडे जातात, त्यामुळे ‘दिशा’ नावाचं काही दुखणं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मग एक आजी आल्या. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, माहेर अलिबागकडचं, नोकरी आणि संसार बडोद्यात. त्यांच्या घरी मलिद्याचा विधी होता. पोहे, ओलं खोबरं, गोड आणि फळं ताटात मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण करतात, तो. त्यासाठी आठ पानांची पुस्तिका हवी होती: एका बाजूला हिब्रू प्रार्थना, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि ‘इथे उभं राहावं’ वगैरे सूचना. हिब्रू मजकूर आजींचा भाचा इस्राएलमधल्या अश्दोदहून मॅकवर टाइप करून पाठवणार, मी विंडोजवर वर्डमध्ये जुळवणी करणार, आणि मुखपृष्ठासकट शेवटचा हात आजींचा नातू उबुंटू लिनक्सवर लिब्रेऑफिसमध्ये फिरवणार. तीन माणसं, तीन सिस्टिम, दोन दिशा.

पहिल्याच फेरीत मी माती खाल्ली. फाइल उघडल्यावर हिब्रू ओळी डावीकडे चिकटलेल्या दिसल्या आणि प्रत्येक ओळीचा पूर्णविराम उजव्या टोकाला, म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला. मी काय केलं, तर सगळ्या ओळी निवडून ‘अलाइन राइट’ दाबलं आणि पूर्णविराम एकेक करून उचलून डाव्या टोकाला नेऊन ठेवले. तासभर गेला, पण पडद्यावर पान देखणं झालं. अश्दोदला भाच्यानं फाइल उघडली, परिच्छेदांना योग्य दिशा दिली आणि चाळीसेक पूर्णविराम पुन्हा वाक्यांच्या सुरुवातीला जाऊन बसले. आता ते खरोखरच चुकीच्या जागी होते, कारण मीच ते तिथे टाइप केले होते.

तुमच्याकडे असं काम पहिल्यांदा आलं असेल, तर पुढचं वाचून मग फाइलला हात लावा.

आधी लिपीची ओळख, फक्त कामापुरती

हिब्रूत २२ अक्षरं. लिहिणं-वाचणं उजवीकडून डावीकडे, आकडे मात्र आपल्यासारखे डावीकडून उजवीकडे. अक्षरं एकमेकांना जोडत नाहीत, त्यामुळे उर्दू-अरबीपेक्षा काम सोपं. स्वरांसाठी अक्षरांच्या खाली, वर आणि पोटात टिंबं-रेघा येतात, त्यांना निक्कुद म्हणतात. रोजच्या पत्रव्यवहारात निक्कुद नसतं, प्रार्थनेत हमखास असतं.

आता हिब्रू न वाचता येणाऱ्या माणसाच्या कामाची खरी गोष्ट. पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी वेगळं रूप असतं: काफ, मेम, नून, पे आणि त्सादी. अंत्य नून म्हणजे ओळीच्या खाली लोंबणारी सरळ दांडी. अंत्य मेम म्हणजे चारी बाजूंनी बंद चौकोनी डबी. शब्द उजवीकडून सुरू होत असल्यामुळे ही रूपं नेहमी शब्दाच्या डाव्या टोकाला दिसायला हवीत. ‘आमेन’ हा शब्द प्रार्थनेत जागोजागी येतो आणि त्यात तीनच अक्षरं आहेत: आलेफ, मेम, अंत्य नून. लोंबणारी दांडी डावीकडे दिसली तर शब्द सुलटा. उजवीकडे दिसली तर कुठेतरी अक्षरं उलटी झाली आहेत. ‘शालोम’मध्ये तीन दातांचं शिन उजवीकडे आणि बंद डबी डावीकडे. मी हे दोन शब्द मोठ्या अक्षरात छापून टेबलाच्या काचेखाली ठेवले आहेत.

दुसरी गोष्ट कॉम्प्युटरच्या पोटातली. युनिकोड फाइलमध्ये अक्षरं ज्या क्रमानं उच्चारली जातात त्याच क्रमानं साठवलेली असतात: आधी आलेफ, मग मेम, मग नून. उजवीकडून मांडायचं काम पडद्यावर दाखवताना सॉफ्टवेअर करतं. म्हणजे फाइलमध्ये उलटं असं काही नसतंच. आपण ‘उलटं दिसतंय’ म्हणून अक्षरं हातानं फिरवली की तेव्हापासून ते खरंच उलटं होतं.

तिसरी गोष्ट, जिच्यावर माझा तास वाया गेला. अलाइनमेंट वेगळी आणि परिच्छेदाची दिशा वेगळी. ‘अलाइन राइट’नं ओळ फक्त उजव्या समासाला सरकते. दिशा बदलली की पूर्णविराम कुठे जाणार, कंस कुठे तोंड करणार, बुलेट कुठल्या बाजूला येणार, दोन शब्दांमधला आकडा कुठे पडणार, हे सगळं बदलतं. अक्षरांना स्वतःची दिशा पक्की असते. पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस आणि मोकळी जागा यांना ती नसते, ते शेजाऱ्यांकडे आणि परिच्छेदाकडे बघून ठरवतात. परिच्छेद मराठीचा राहिला, की वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम मराठीच्या शेवटाकडे, म्हणजे उजवीकडे पळतो.

सिस्टिमची तयारी

विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या भाषांच्या पानावर जाऊन हिब्रू जोडा. कीबोर्ड आपोआप येतो आणि विंडोज-स्पेस दाबून मराठी, इंग्रजी, हिब्रू बदलता येतं. टाइप करायचं नसलं तरी हे करा. मग वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे लिहिण्याच्या भाषांत हिब्रू घाला आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. होम टॅबवर परिच्छेदाच्या खुणेला बाण जोडलेली दोन बटणं दिसू लागतील. मराठी-हिंदी घालून ती येत नाहीत, उजवीकडून लिहिली जाणारी भाषा लागते. बटण शोधायचा कंटाळा असेल तर कंट्रोल आणि उजवी शिफ्ट दाबली की परिच्छेद उजवीकडून, कंट्रोल आणि डावी शिफ्ट दाबली की डावीकडून.

लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, भाषांचं पान. तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण असते. मराठीत काम करणाऱ्यांकडे ती बहुधा आधीच लागलेली असते, कारण देवनागरीही त्याच खात्यात येते. दिशेसाठी कंट्रोल-शिफ्ट-डी आणि परत येण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-ए.

मॅकवर सिस्टिमच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये हिब्रू जोडायचं आणि मग वर्ड उघडायचं. समोरच्याकडे मॅकचं २०११ चं ऑफिस असेल तर त्याला सरळ सांगा की यात हे काम करू नकोस. त्यात उजवीकडून लिहायची सोय नव्हती, २०१६ च्या आवृत्तीपासून ती आली. गूगल डॉक्समध्ये फाइल मेनूतल्या भाषेत हिब्रू निवडली की दिशेची बटणं वर येतात.

आणि पेजमेकर. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत तो अजून जिवंत आहे, माझ्याकडेही आहे, जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइलींसाठी. त्याला युनिकोड कळत नाही. हिब्रू त्यात पेस्ट केलं की प्रश्नचिन्हांची माळ मिळते. इनडिझाइन चालतं, पण त्यात परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावावा लागतो आणि दिशेची बटणं हवी असतील तर हिब्रूसहितची आवृत्ती बसवावी लागते.

एकाच खुंटीवर दोन टोप्या

हिब्रूवर मदत करणारे लेख मी पुष्कळ वाचले, पण पुढची अडचण त्यांत नव्हती, कारण ते लिहिणाऱ्यांच्या पानावर हिब्रू आणि इंग्रजी असतं. आपल्या पानावर हिब्रू आणि मराठी आहे.

वर्ड प्रत्येक मजकुराला एकच फॉन्ट लावत नाही. इंग्रजीसाठी एक कप्पा, चिनी-जपानीसाठी एक आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी एक. देवनागरी आणि हिब्रू दोन्ही या शेवटच्या कप्प्यात येतात. लिब्रेऑफिसमध्येही तसंच. म्हणजे तुमच्या नेहमीच्या स्टाइलमध्ये त्या कप्प्यात मंगल किंवा निर्मला असेल, तर हिब्रूलाही तोच फॉन्ट सांगितला जातो. त्या फॉन्टात हिब्रू अक्षरंच नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा कुठला तरी उचलतं. विंडोज एक उचलतं, मॅक दुसरा, उबुंटू तिसरा. पानावरच्या ओळी तिन्हीकडे वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि आठ पानांची पुस्तिका कुठे नऊ पानांची होते.

यावर उपाय एकच आणि तो पहिल्या दिवशी करायचा: दोन स्टाइल बनवा. एकीचं नाव ‘मराठी’, दुसरीचं ‘हिब्रू’. ‘मराठी’मध्ये कॉम्प्लेक्स फॉन्ट देवनागरीचा, भाषा मराठी, दिशा डावीकडून. ‘हिब्रू’मध्ये कॉम्प्लेक्स फॉन्ट हिब्रूचा, भाषा हिब्रू, दिशा उजवीकडून. आकारही कॉम्प्लेक्सच्याच खान्यात ठरवा, इंग्रजीच्या खान्यातला आकार बदलून हिब्रूवर काही होत नाही. मराठी वाक्यात मध्येच एखादा हिब्रू शब्द येणार असेल तर तिसरी, फक्त अक्षरांची स्टाइल करा: फॉन्ट आणि भाषा हिब्रू, परिच्छेदाची दिशा मराठीचीच. यानंतर बोटानं एकही फॉन्ट लावायचा नाही. स्टाइलमध्ये बांधलेली दिशा प्रवासात टिकते. हातानं केलेल्या डागडुजीचं काय होतं ते वर सांगितलंच.

फॉन्ट कुठला? भाच्यानं सवयीनं ‘डेव्हिड’ वापरला होता. विंडोज १० पासून डेव्हिड, मिरियम, फ्रँक-रूल हे फॉन्ट मूळ सिस्टिमबरोबर सगळीकडे येत नाहीत, ऐच्छिक सुविधांमधून हिब्रूचे पुरवणी फॉन्ट म्हणून घ्यावे लागतात. एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि टहोमात हिब्रू आहे, पण प्रार्थनेच्या पुस्तिकेला एरियल म्हणजे सत्यनारायणाच्या पोथीला बँकेच्या पासबुकाचा टाइप. आम्ही शेवटी तिघांनीही नोटो सेरिफ हिब्रू उतरवून घेतला. फुकट आहे आणि तिन्ही सिस्टिमवर चालतो. लिनक्सवर कुल्मस नावाचा हिब्रू फॉन्टांचा संच आहे, त्यात डेव्हिड आणि फ्रँक-रूलचे मोकळे भाऊबंद मिळतात. बायबलमधला, गायनाच्या खुणांसकटचा मजकूर असेल तर एझ्रा एसआयएल घ्या.

फाइलमध्ये फॉन्ट भरून पाठवायची सोय वर्डमध्ये सेव्हच्या ऑप्शन्समध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये आहे. ती लावा, पण तिच्या भरवशावर राहू नका. काही फॉन्टांचा परवाना भरायला परवानगी देत नाही आणि मग तसं सांगितलंही जात नाही.

पानाची मांडणी: टॅब नको, टेबल घ्या

हिब्रू आणि मराठी शेजारी-शेजारी छापायची पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आहे. खिळे जुळवणारे ती कशी साधत असतील कोण जाणे. आपल्याला दोन खान्यांचं टेबल पुरे. हिब्रू उजव्या खान्यात, मराठी डाव्या, प्रत्येक प्रार्थनेला एक ओळ आणि रेघा अदृश्य. टॅब मारून किंवा स्पेस दाबून दोन रकाने केलेत, तर दुसऱ्या सिस्टिमवर फॉन्ट बदलताच त्यांचा रांगोळीवरून मांजर गेल्यासारखा गोंधळ होतो.

टेबलालाही स्वतःची दिशा असते, ती परिच्छेदाहून वेगळी. टेबल उजवीकडून केलं की पहिला खाना उजवीकडे जातो. आमचं टेबल डावीकडूनच ठेवलं होतं आणि भाच्यानं एकदा ते उजवीकडून केलं. आजींना आलेल्या प्रुफात मराठी उजवीकडे आणि हिब्रू डावीकडे. त्यांनी फोनवर विचारलं, “अगं, आरशात बघून छापलंस का?” टेबलाची दिशा कोणती हे पहिल्याच मेलमध्ये लिहून ठेवा.

आकड्यांचा घोळ, जो देवनागरीत वेगळाच आहे

मराठी सूचनेत असं वाक्य होतं: ‘हा शब्द’, मग हिब्रूत आमेन, मग तीनचा आकडा, मग ‘वेळा म्हणावा’. मी सवयीनं इंग्रजी आकडा टाकला आणि तो उडी मारून हिब्रू शब्दाच्या डावीकडे गेला. वाचताना ‘हा शब्द तीन आमेन वेळा म्हणावा’. बॅकस्पेस मारून पुन्हा टाइप केलं, पुन्हा तिथेच. नातवानं येऊन इंग्रजी आकड्याच्या जागी देवनागरी ३ टाइप केला आणि तो मुकाट जागेवर बसला.

कारण असं. युनिकोडच्या नियमांत इंग्रजी आकडे दुबळे समजले जातात. हिब्रू शब्दामागून आले की ते त्याच्याच प्रवाहात ओढले जातात आणि त्याच्या डावीकडे पडतात. देवनागरी आकड्यांना मात्र देवनागरी अक्षरांइतकीच पक्की दिशा आहे. म्हणून मराठी परिच्छेदात देवनागरी आकडे वापरा, निम्मी डोकेदुखी जाते.

पण हाच आकडा हिब्रू परिच्छेदात नेलात की उलटी तऱ्हा. हिब्रूच्या मध्ये ‘१२, १३’ देवनागरीत लिहिलं तर दोन्ही आकडे मिळून डावीकडून वाचायचा एक गठ्ठा बनतो. उजवीकडून वाचत येणाऱ्याला आधी १३ दिसतो, मग १२. इंग्रजी आकडे असते तर ते हिब्रूच्या ओघात बसून आधी १२, मग १३ दिसले असते. तेव्हा हिब्रू परिच्छेदात इंग्रजी आकडे, मराठीत देवनागरी. श्लोकांचे क्रमांक देताना हे फार लागतं. फोन नंबरचा आणखी एक सापळा: हिब्रू परिच्छेदात नंबर मध्ये जागा सोडून लिहिला तर त्याचे तुकडे उजवीकडून लागतात आणि नंबर बदलतो. जागा न सोडता सलग लिहा किंवा मध्ये साधी आडवी रेघ द्या.

तरीही एखादा कंस किंवा पूर्णविराम हट्टाला पेटला, तर अदृश्य खुणा आहेत. उजव्या दिशेची खूण युनिकोड क्रमांक २००एफ, डाव्या दिशेची २००ई. वर्डमध्ये क्रमांक टाइप करून लगेच आल्ट-एक्स दाबलं की खूण पडते. लिब्रेऑफिसमध्ये इन्सर्टच्या मेनूत फॉरमॅटिंग मार्कमध्ये आहे. मराठी वाक्यातल्या हिब्रू शब्दानंतर लगेच डाव्या दिशेची खूण टाकली की पुढचा कंस-स्वल्पविराम मराठीकडे राहतो. या खुणांची गरज का पडते, तर लिब्रेऑफिस आणि ब्राउझर युनिकोडचा नियम पाळून विरामचिन्हं बसवतात, वर्ड मात्र मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावर लागलेली स्वतःची दिशेची नोंद बघतं. म्हणून एकच डॉक्स (वर्डची .docx) फाइल दोन्हीकडे उघडली की अक्षरं जागेवर आणि कंस मात्र वेगवेगळ्या बाजूंना, असं होतं. खूण टाकलेली असेल तर दोघांचंही एकमत होतं.

बिघडलेली फाइल आली तर आधी निदान

घाईनं काही करण्याआधी नुसतं बघा की काय दिसतंय.

चौकोन दिसतात: अक्षरं शाबूत आहेत, फॉन्ट नाही. फॉन्ट बसवा, झालं.

प्रश्नचिन्हं दिसतात: अक्षरं गेली. वाटेत कुणीतरी फाइल अशा साच्यात (एन्कोडिंगमध्ये) सेव्ह केली ज्यात हिब्रू मावत नव्हतं. या फाइलवर कितीही मेहनत घेतली तरी काही परत येणार नाही, मूळ पाठवायला सांगा.

टोपीवाली, टिंबवाली फ्रेंच छापाची रोमन अक्षरं दिसतात: फाइल जुन्या हिब्रू साच्यातली आहे आणि चुकीच्या साच्यात उघडली आहे. आपल्याकडे कृतिदेव किंवा श्रीलिपीची फाइल फॉन्टाशिवाय उघडली की जी गचडी दिसते, तिच्यासारखंच, पण इथे सुटका सोपी. वर्ड उघडताना साचा विचारतं, त्यात ‘हिब्रू विंडोज’ निवडून बघा, म्हणजे कोड पेज १२५५. डॉसच्या काळातली फाइल असेल तर ‘हिब्रू डॉस’, कोड पेज ८६२. लिब्रेऑफिसमध्ये उघडताना फाइलच्या प्रकारात ‘टेक्स्ट, एन्कोडिंग निवडा’ घ्यायचं. आजींकडे एका नातेवाइकाची जुनी टेक्स्ट फाइल होती, ती पहिल्याच झटक्यात १२५५ मध्ये सुलटली.

अक्षरं नीट हिब्रू आहेत, पण आमेनची दांडी उजवीकडे: बहुधा ‘व्हिज्युअल’ पद्धतीची फाइल. पूर्वी पडद्यांना दिशा कळत नव्हती, म्हणून ओळ जशी दिसायला हवी त्याच क्रमानं अक्षरं साठवत. अक्षरांचा क्रम उलटणं फक्त इथेच योग्य आहे, आणि तेही एकेक ओळ घेऊन, आकडे सोडून, छोट्या प्रोग्रामकडून करून घ्या. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुराचीही अशीच गत होते, वर निक्कुद सुटून भलत्याच अक्षराखाली जातं. म्हणून पीडीएफ बघायला आणि छापायला. मजकूर घ्यायचा तर मूळ फाइलमधूनच.

पाठवण्याचा क्रम

सगळ्यात आधी एक नमुना पान. आमच्या नमुन्यात पाच गोष्टी होत्या: पूर्णविरामानं संपणारी हिब्रू ओळ, कंस असलेली ओळ, दोन आकडे असलेली ओळ, मध्ये हिब्रू शब्द असलेलं मराठी वाक्य, आणि शिनवर टिंब, पोटात टिंब, खाली स्वर असा भरगच्च निक्कुदवाला शब्द. ते पान डॉक्समध्ये सेव्ह करून त्याचीच पीडीएफ केली आणि दोन्ही एकत्र पाठवली. समोरच्यानं डॉक्स उघडून पीडीएफशी ताडायचं आणि फरक दिसला तर पडद्याचा फोटो पाठवायचा. “बरोबर दिसतंय” एवढ्यावर समाधान मानू नका, फोटो मागा. आम्हाला तीन फेऱ्या लागल्या, पण त्या एका पानाच्या होत्या, आठ पानांच्या नव्हत्या.

फाइलचा प्रकार डॉक्स ठेवा. मला स्वतःला लिब्रेऑफिसचं ओडीटी आवडतं, पण ज्या कामात एक जण जरी वर्डवर असेल तिथे ओडीटीचा आग्रह धरू नये, दिशा आणि स्टाइल दोनदा भाषांतरित होतात. आणि फाइलची मालकी एकाकडेच असावी. आमच्यात ती माझ्याकडे होती. भाचा आणि नातू दुरुस्त्या ‘ट्रॅक चेंजेस’ लावून पाठवायचे, मी त्या मूळ फाइलमध्ये घ्यायची. तिघांनी तीन प्रती सुधारल्या असत्या तर कुठला पूर्णविराम कुणाचा हे शोधत बसलो असतो.

फाइलचं नाव हिब्रूत नको, मराठीतही नको. झिप करताना अशा नावांची वाट लागते आणि हिब्रू नावाला शेपूट जोडलं की ते नाव कुठून वाचायचं तेच कळत नाही. साधं रोमन नाव आणि तारीख. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मजकूर मेसेजमध्ये चिकटवू नका. बऱ्याच मेसेज ॲपांत ओळीचं पहिलं अक्षर ज्या लिपीचं, त्या दिशेनं पूर्ण ओळ जाते, त्यामुळे ‘सुधारून दे’ असं मराठीत सुरू करून पुढे हिब्रू लिहिलं की त्याचे विराम हललेच समजा.

पाहुण्यांची यादी एक्सेलमध्ये आली होती, तीही सीएसव्ही करून. दोनदा टिचकी मारून उघडली की हिब्रू नावांची गचडी. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायला सांगा, किंवा उघडताना डेटा टॅबमधून टेक्स्ट फाइल आयात करून यूटीएफ-८ सांगा. लिब्रेऑफिसचं कॅल्क हे स्वतःहून विचारतं, म्हणून यादीपुरतं मी तेच वापरते.

छापखान्याला जाईल ती फक्त पीडीएफ, फॉन्ट आत भरलेली. त्याबरोबर एक ओळ ठळक लिहा: पुस्तिका कुठल्या बाजूनं उघडते. हिब्रू पुस्तकाचा कणा उजवीकडे असतो. आजींना प्रार्थनेची पुस्तिका तशीच हवी होती, आणि रावपुऱ्यातल्या आमच्या घडी घालणाऱ्या मुलानं पहिल्या दहा प्रती सवयीनं डावीकडून शिवल्या. आजींनी त्या दहाही घेतल्या, म्हणाल्या, मुलं मराठीच वाचणार आहेत, त्यांना होतील.

त्याआधीच्या शेवटच्या प्रुफावर मी दोन तास घालवले होते. प्रत्येक आमेनची दांडी डावीकडे, प्रत्येक डबी डावीकडे, आकडे जागेवर, पूर्णविराम जागेवर. आजी चष्मा लावून दुकानातल्या स्टुलावर बसल्या आणि बोट फिरवत हळू आवाजात म्हणत गेल्या. पाचव्या पानावर थांबल्या. पेन्सिल मागून त्यांनी शिनच्या डोक्यावर गोल केला. टिंब उजव्या दातावर असला तर ‘श’, डाव्या दातावर गेला तर ‘स’. भाच्यानं टाइप करताना तो डावीकडे टाकला होता, आणि तिन्ही सिस्टिमनी तो न हलवता अगदी तसाच माझ्यापर्यंत पोहोचवला होता.